घर आपलं, पण जमीन कुणाची?

घर पाहायला गेलेलं कुटुंब काय काय पाहतं! स्वयंपाकघरात उजेड आहे का, पाणी किती वेळ येतं, शाळा आणि स्टेशन किती लांब आहे. कागदपत्रांत विकणाऱ्याचं नाव आणि किंमत पाहिली, की सगळ्यांचं समाधान होतं. पण इमारत ज्या जमिनीवर उभी आहे ती मालकीची की भाडेपट्ट्याची, हे फार थोडे लोक विचारतात. आणि पट्ट्याची मुदत कोणत्या साली संपते, हे विचारणारे तर त्याहून थोडे.

अशी घरं काही कमी नाहीत. प्लेगच्या साथीनंतर १८९८ साली स्थापन झालेल्या मुंबई सुधार ट्रस्टने दादर-माटुंगा भागात आखलेले भूखंड दीर्घ मुदतीच्या पट्ट्याने दिले. १९७० साली स्थापन झालेल्या सिडकोने नवी मुंबईत ६० वर्षांचे पट्टे केले. नोएडात ९० वर्षांची मुदत असते. दिल्ली विकास प्राधिकरणाच्या सदनिकाही पट्ट्यानेच दिल्या गेल्या. शुल्क भरून त्या पूर्ण मालकीच्या करून घेण्याची योजना तिथे १९९२ साली आली.

साठ वर्षं ऐकायला खूप वाटतात. पण समजा, पट्टा १९७८ सालचा आहे. तो २०३८ साली संपणार. त्या इमारतीतलं घर २०२५ साली २० वर्षांच्या कर्जावर घेतलं, तर हप्ते २०४५ पर्यंत चालतील. म्हणजे पट्टा संपल्यावरही सात वर्षं हप्ते भरायचे! म्हणूनच कर्ज देताना बँका उरलेली वर्षं मोजतात. बँक कचरली की गिऱ्हाईकही मागे फिरतं आणि म्हातारपणाची पुंजी म्हणून जपलेल्या घराला हवा तो भाव येत नाही. मुलांच्या नावावर घर करून दिलं, तरी त्यांना मिळतात ती उरलेलीच वर्षं.

मुदत संपली तर?

मुदत संपल्याच्या दुसऱ्याच दिवशी कुणी सामान बाहेर काढत नाही, हे खरं. पण हक्काचा पाया ढासळतो. १८८२ च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्यानुसार मुदत संपल्यावरही जमीनमालक भाडं स्वीकारत राहिला, तर राहत्या जागेचा पट्टा एरवी महिन्या-महिन्याचा मानला जातो. असा पट्टा १५ दिवसांच्या नोटिशीने संपवता येतो. कुठे साठ वर्षांची निश्चिंती आणि कुठे पंधरा दिवस!

अर्ज कुणी करायचा?

महाराष्ट्रातल्या बहुतेक सहकारी गृहनिर्माण संस्थांमध्ये जमिनीचा पट्टा एकेका सभासदाच्या नावावर नसतो, तो संस्थेच्या नावावर असतो. त्यामुळे एकट्या सभासदाने धावपळ करून उपयोग नाही. सर्वसाधारण सभेत ठराव करून संस्थेनेच अर्ज करायचा असतो.

पट्टा अजून बिल्डरच्याच नावावर असेल, तर आधी तो संस्थेच्या नावावर करून घ्यावा लागतो. बिल्डर टाळाटाळ करत असेल तर २००८ च्या दुरुस्तीने आलेल्या मानीव अभिहस्तांतरणाचा मार्ग आहे.

नोएडात प्राधिकरण, बिल्डर आणि खरेदीदार असा तिघांचा करार होतो. तिथे ९० वर्षं मोजायची ती प्राधिकरणाने बिल्डरला जमीन दिली त्या तारखेपासून, तुम्ही घर घेतलं तेव्हापासून नव्हे.

खर्च कशाकशाचा?

पट्टा वाढवताना एकरकमी अधिमूल्य, वाढीव भुईभाडं, मुद्रांक शुल्क आणि नोंदणी असे खर्च येतात. एक वर्षाहून जास्त मुदतीचा पट्टा नोंदवावाच लागतो. महाराष्ट्रात २९ वर्षांहून अधिक मुदतीच्या पट्ट्यावर सर्वसाधारणपणे बाजारमूल्याच्या ९० टक्के रकमेवर खरेदीखताच्या दराने मुद्रांक शुल्क लागतं. सरकार आणि प्राधिकरणं अधूनमधून सवलतीच्या योजनाही काढतात, म्हणून ताजं परिपत्रक पाहिल्याशिवाय हिशेब मांडू नये.

समजा, ४० घरांच्या संस्थेला एकूण ९६ लाख रुपये लागणार आहेत. सारखी वाटणी केली तर प्रत्येक घरामागे २ लाख ४० हजार येतात. निवृत्त माणसाने एवढी रक्कम एकदम आणायची कुठून? तीच दहा वर्षांत जमवायची ठरवली, तर महिन्याला २ हजार पुरतात. वाटणी घरटी सारखी करायची की क्षेत्रफळावर, हेही सभेत आधीच ठरवून लिहून ठेवावं. पुढचे तंटे टळतात.

आधी काय तपासाल?

मूळ पट्ट्याची नोंदणीकृत प्रत काढा आणि मुदत कोणत्या तारखेपासून सुरू झाली ते पाहा.

नूतनीकरणाचं कलम नीट वाचा. ‘नूतनीकरण करून मिळेल’ आणि ‘नूतनीकरणाचा विचार केला जाईल’ या दोन वाक्यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. पहिल्यात हक्क आहे, दुसऱ्यात नुसती आशा.

भुईभाड्याच्या पावत्या जपा. थकबाकी, बेकायदा बांधकाम, परवानगीशिवाय बदललेला वापर, न कळवता झालेली घरविक्री हे सगळं नूतनीकरणाच्या वेळीच बाहेर निघतं. दंड भरून जे नियमित होण्यासारखं असेल, ते आधीच करून घ्या.

मालमत्ता पत्रकावर जमीन कुणाच्या नावावर आहे, हेही पडताळून पाहा. काम किचकट असेल तर संस्थेने मिळून एक चांगला वकील करावा. चाळीस घरांत त्याची फी जड जात नाही.

आपल्या संस्थेच्या वार्षिक सभेत पार्किंग, पाणी आणि रंगकाम यांवर तासन् तास वाद होतात. या वर्षीच्या सभेत पहिलाच प्रश्न असा विचारा: आपला पट्टा कोणत्या साली संपतो? उत्तर कुणालाच देता आलं नाही, तर समजावं की काम आजच सुरू करायला हवं.