पत्ता सांगा, गाडी घ्या!

फॉरेनला जॉब लागला, पगार युरोत सुरू झाला, सेकंडहँड गाडीसुद्धा पसंत पडली. आता फक्त नंबरप्लेट ठोकायची की झालं! पण थांबा. जर्मनीत गाडीची नोंदणी करण्याआधी तुमची स्वतःची नोंदणी व्हावी लागते. आणि तिथेच गाडी अडली तर?

"तुम्ही राहता कुठे?"

काउंटरपलीकडच्या बाईंचा प्रश्न एकदम साधा होता. मी फाइल उघडली. पासपोर्ट, व्हिसा, नवऱ्याचं अपॉइंटमेंट लेटर, भाडं भरल्याच्या बँकेच्या नोंदी, मोबाइलचं बिल. पुण्यात एवढ्या कागदांवर माणूस काय काय मिळवतो! बाईंनी एकेक कागद पाहिला, नीट जुळवून परत माझ्याकडे सरकवला. पासपोर्टवरच्या पत्त्यावर बोट ठेवून म्हणाल्या, "यात तर पुणे लिहिलंय."

बरोबर होतं त्यांचं. कागदोपत्री आम्ही अजून पुण्यातच राहत होतो. प्रत्यक्षात मात्र सव्वा महिना श्टुटगार्टमध्ये होतो, आणि शहरापासून पस्तीस किलोमीटरवर एका माणसाच्या अंगणात आमची अॅडव्हान्स दिलेली गाडी उभी होती.

ही २०२३ च्या नोव्हेंबरमधली गोष्ट.

गाड्यांच्या गावात बिनगाडीचे

श्टुटगार्ट म्हणजे गाड्यांचं माहेरघर. मर्सिडीज इथली, पोर्शे इथली, बॉश इथली. दोन-दोन गाड्यांची म्युझियम्स आहेत इथे. मुंबईशी तर १९६८ पासून या शहराचं सिस्टर सिटीचं नातं आहे, आणि पुण्यातून येणाऱ्या ऑटोमोबाइल इंजिनीअर्सना हे नाव कॉलेजपासून पाठ असतं. माझा नवरा त्यातलाच एक. ऑक्टोबरमध्ये आम्ही दोन बॅगा आणि एक कुकर घेऊन इथे उतरलो.

त्याचा प्लँट शहराबाहेर, चाळीस किलोमीटरवर. सकाळची शिफ्ट सहाची आणि पहिली ट्रेन-बस धरून पोहोचायला पावणेसात. एक कलीग त्याला रोज आपल्या गाडीतून नेत होता, पण तो महिनाअखेरीस बाळंतपणाच्या रजेवर जाणार होता. (हो, तोच! इथे बाबालोकही रजा घेतात.) वर नवऱ्याचा प्रोबेशनचा काळ. त्यात रोज पाऊण तास उशिरा जाणं म्हणजे स्वतःच्या हाताने राजीनामा लिहिण्यासारखंच.

म्हणून गाडी. नऊ वर्षं जुनी, पेट्रोलवरची, छोटीशी. विकणारे काका भले होते. नोंदणी आधीच रद्द केलेली होती, पण "महिनाअखेरपर्यंत माझ्या अंगणात राहू दे" म्हणाले. कारण नोंदणी नसलेली गाडी इथे सार्वजनिक रस्त्यावर उभीसुद्धा करता येत नाही, चालवणं दूरच.

थोडक्यात, कलीगची लिफ्ट आणि काकांचं अंगण, दोन्हींची मुदत तीस नोव्हेंबर. डेडलाइन, बॉस!

सगळ्या कागदांचा बाप

आपल्याकडे पत्त्याचा पुरावा म्हणजे बुफे. लाइट बिल चालतं, पासबुक चालतं, भाडेकरार चालतो. एक नसेल तर दुसरं. जर्मनीत तसं नाही. इथे प्रत्येक रहिवाशाची गावच्या किंवा शहराच्या रजिस्टरमध्ये नोंद असते. घरात राहायला गेल्यापासून दोन आठवड्यांत ती करायची, घर बदललं की पुन्हा करायची. जर्मन माणसालाही हे चुकलेलं नाही. या नोंदणीला म्हणतात 'आनमेल्डुंग'.

बाकी सगळं याच एका खोडाला फुटलेल्या फांद्या. नोंद झाली की टॅक्सचा नंबर आपोआप पोस्टाने घरी येतो. टीव्ही-रेडिओच्या फीचं पत्रही येतं, न बोलावता! रेसिडेन्स परमिटचं कार्ड त्याच पत्त्यावर निघतं. आणि गाडी नोंदवायला परदेशी माणसाने पासपोर्टबरोबर या नोंदणीचा दाखला दाखवायचा. गाडी ज्या जिल्ह्यात नोंदवायची त्याचं अक्षर प्लेटवर येतं, श्टुटगार्टचं 'एस'. म्हणजे तुम्ही कुठले, हे आधी ठरायला नको?

काउंटरवरच्या बाई हेच शांतपणे सांगत होत्या. त्यांची काही चूक नव्हती. चूक दुसरीकडेच होती.

सही? सॉरी!

आनमेल्डुंगसाठी एक फॉर्म लागतो. त्याचं नाव 'वोनुंग्सगेबरबेश्टेटिगुंग'. (दम लागला ना? आम्ही घरी त्याला 'वोनुंग-पोनुंग' म्हणायचो.) अर्थ सोपा आहे. ज्याने राहायला जागा दिली त्याने सही करून सांगायचं की अमुक माणसं अमुक तारखेपासून इथे राहतात. १ नोव्हेंबर २०१५ पासून देशभर हा फॉर्म सक्तीचा झाला.

आमचा घरमालक सही करेना. आधी म्हणाला, पुढच्या आठवड्यात. मग म्हणाला, प्रिंटर बिघडलाय. मी फॉर्म प्रिंट करून, पेन सोबत घेऊन गेले, तेव्हा खरं काय ते बाहेर आलं. तो मालक नव्हताच! तोही भाडेकरू. मूळ मालकाला न सांगता त्याने फ्लॅट आम्हाला दिला होता. सही केली तर त्याचं बिंग फुटलं असतं. "राहा की आरामात, कागद कशाला हवाय?" हे वर.

घरात हीटर चालू होता, फ्रिजमध्ये दूध होतं, बिछान्यावर माझी गोधडी होती. तरी त्या रात्री पहिल्यांदा वाटलं, आपण इथे राहतच नाही. लेटरबॉक्सवर आमचं नाव नव्हतं, त्यामुळे आमच्या नावाची पत्रं पोस्टमन परत नेत होता. नवरा जेवता जेवता म्हणाला, "अगं, उद्या मी हरवलो तर कुठून हरवलो म्हणून सांगशील?" मी हसले. तो हसला नाही.

'आमचा पत्ता लाव की!'

मग आपल्या ओळखीपाळखी कामाला लागल्या. एका मराठी गेट-टुगेदरमध्ये पोह्यांच्या रांगेत उभे असताना एक दादा म्हणाले, "त्यात काय टेन्शन? आमचा पत्ता लावा. मी सही करतो. एक कागद तर आहे."

खोटं कशाला सांगू, आम्ही दोघं घरी येईपर्यंत अक्षरशः तरंगत होतो. सुटला प्रश्न! आपल्याकडे मामाच्या पत्त्यावर रेशनकार्ड, आत्याच्या पत्त्यावर कॉलेज अॅडमिशन, हे चालतंच की.

रात्री मी डिक्शनरी घेऊन कायदा वाचत बसले. जागा देणाऱ्याने सही नाकारली तर त्याला एक हजार युरोंपर्यंत दंड होऊ शकतो. हे वाचून बरं वाटलं. पण पुढे होतं, प्रत्यक्ष राहायचं नसताना कुणाला नोंदणीसाठी पत्ता देऊ केला तर दंड पन्नास हजार युरोंपर्यंत. मी आकडा पुन्हा पाहिला. पन्नास हजारच. दादांना दोन लहान मुलं. आमच्या गाडीपायी त्यांना कशाला अडकवायचं? सकाळी फोन करून नको म्हणून सांगितलं. आकडा ऐकून तेही दोन मिनिटं गप्प झाले.

दुसऱ्या दिवशी मी नागरिक कार्यालयात, म्हणजे 'ब्यूर्गरब्यूरो'त, दार उघडायच्या आधीच रांगेत उभी राहिले. आतल्या तरुण मुलाने ऐकून घेतलं आणि दोन गोष्टी सांगितल्या. एक, सही मूळ मालकाचीच लागते असं नाही, ज्याने प्रत्यक्ष जागा दिली त्या मुख्य भाडेकरूचीही चालते. दोन, तो नकार देत असेल तर गप्प बसायचं नाही, ते लगेच आम्हाला कळवायचं. "तुम्ही फार उशिरा आलात," एवढंच त्याने वर ऐकवलं.

आपण सरकारी ऑफिसला इतके घाबरतो की मदत तिथेच मिळू शकते हे सुचतच नाही!

बेलवरचं नाव

तक्रार केली असती तर भर थंडीत बाहेर पडायची वेळ आली असती. म्हणून आधी दुसरं घर शोधायचं ठरलं. नवऱ्याच्या त्याच कलीगच्या ओळखीने एका आजींची वरच्या मजल्यावरची दोन खोल्यांची जागा मिळाली. वय ऐंशीच्या घरात, कडक इस्त्रीचा शर्ट, आणि पहिलाच प्रश्न, "जिना झाडता का?"

श्टुटगार्टच्या भागात 'केअरवोखे' नावाची परंपरा आहे. आठवड्याआड पाळीपाळीने भाडेकरूंनी जिना, अंगण झाडायचं. मी म्हटलं, झाडते की! आजींनी टेबलावर फॉर्म ठेवला, चष्मा लावला, सही केली. मग पट्टीवर आमचं आडनाव छापलं आणि स्वतःच्या हाताने बेलशेजारी चिकटवलं. माझ्या आडनावात त्यांनी एक अक्षर जास्त घातलं होतं. मी काही बोलले नाही. इतके दिवस नाव नव्हतंच, आता एक अक्षर जास्त आलं तर काय बिघडलं?

सत्तावीस तारखेला आनमेल्डुंग झालं. लागली बारा मिनिटं. फॉर्ममध्ये धर्माचा रकाना होता, कारण इथे चर्चचा टॅक्स पगारातून कापला जातो. तो आम्हाला लागू नव्हता. शिक्का बसला, कागद हातात आला. नवऱ्याने बाहेर येऊन त्या कागदाचा फोटो काढून आईला पाठवला. आईंचा रिप्लाय: "अभिनंदन! मुलगा की मुलगी?"

एस फॉर श्टुटगार्ट, एमएच फॉर...

पुढचं सगळं दोन दिवसांत आटपलं. इन्शुरन्स कंपनीकडून सात अक्षर-आकड्यांचा ऑनलाइन कोड मिळाला, रोड टॅक्स खात्यातून कापायची परवानगी लिहून दिली, काकांकडून गाडीचे दोन्ही भाग-दाखले आणि फिटनेस तपासणीचा कागद घेतला. थोडे जास्त पैसे भरले की प्लेटवरची अक्षरं-आकडे आवडीचे निवडता येतात. आम्ही 'एस' पुढे 'एमएच १२' टाकून पाहिलं. आधीच गेलेला! कुणी पुणेकर आमच्या आधी पोहोचलेला दिसतो. मग १२ च्या पुढे आणखी दोन आकडे जोडून घेतले. नवरा चिंचवडचा, त्यामुळे ते कुठले दोन, यावर वाद झालाच नाही.

ऑफिसशेजारच्या दुकानात प्लेट पाच मिनिटांत ठोकून मिळाली. आत नेऊन तिच्यावर शिक्का लावून घेतला. तीस तारखेला संध्याकाळी काकांच्या अंगणातून आम्ही स्वतःची गाडी बाहेर काढली. आधीच्या घराच्या डिपॉझिटमधले निम्मे पैसेच परत मिळाले, तो वेगळा चॅप्टर.

आणि आमच्या घरचा भाडेकरू

गाडी आली त्या रविवारी बाबांना व्हिडिओ कॉल केला. सगळी कहाणी रंगवून सांगितली. बाबा भडकले, "असा कसा माणूस! सहीला काय पैसे पडतात?"

आणि मला आमच्या कोथरूडच्या वन-बीएचकेमधला मुलगा आठवला. हुबळीचा, हिंजवडीत कामाला. बाइकवर कर्नाटकची नंबरप्लेट. चौकात पोलिस अडवतात म्हणून वर्षभर आमच्या मागे लागला होता, "काका, अॅग्रीमेंट रजिस्टर करून द्या, आरटीओत पत्त्याचा पुरावा लागतो." दुसऱ्या राज्यातली गाडी बारा महिन्यांहून जास्त इथे ठेवायची तर नवा नंबर घ्यावा लागतो, हा देशाचा कायदा. आणि भाडेकरार रजिस्टर करणं ही महाराष्ट्रात जागामालकाची जबाबदारी, हा राज्याचा कायदा. बाबांचं ठरलेलं उत्तर असायचं, "राहा की आरामात, कागद कशाला?"

शब्दसुद्धा तेच! आणि तेव्हा शेजारच्या खोलीत बसून मी ते ऐकत होते. एका शब्दाने बाबांना काही म्हटलं नव्हतं.

"बाबा, तुम्ही त्याला करार करून देताय ना?" मी विचारलं. स्क्रीन अडकल्यासारखी वाटली, पण नेटवर्क ठीक होतं. "स्टॅम्प ड्युटी कोण भरणार?" बाबा म्हणाले. "निम्मी मी भरते."

जानेवारीत करार रजिस्टर झाला. त्या मुलाने मला मेसेज केला, बाइकच्या फोटोसकट. एमएच-१२. खाली फक्त एक स्मायली होता.

जाणार असाल तर...

• घर ठरवताना भाड्याच्या आधी एकच प्रश्न विचारा: नोंदणीच्या फॉर्मवर सही कराल का? उत्तर गुळमुळीत आलं तर पुढचं घर बघा.

• नागरिक कार्यालयाची अपॉइंटमेंट घर मिळताच घ्या. तारखा पटकन मिळत नाहीत.

• बेलवर आणि लेटरबॉक्सवर पहिल्याच दिवशी नाव लावा. नाव नाही, तर पत्र नाही.

• गाडीचा अॅडव्हान्स देण्याआधी नोंदणीचा दाखला हातात असू द्या. आम्ही उलटं केलं, तुम्ही करू नका.

• भारतीय लायसन्स तिथे राहायला गेल्यापासून सहा महिनेच चालतं. पुढे लेखी आणि प्रत्यक्ष, दोन्ही परीक्षा. घड्याळ पहिल्या दिवसापासून धावतं!

• मित्राचा पत्ता मैत्रीसाठी ठेवा, नोंदणीसाठी नको.