वैयक्तिक संगणकासाठी डीफ्रॅगमेंटेशन साधनाची निवड

हार्ड डिस्कवर एकाच फाइलचे तुकडे विखुरले गेल्यास वाचनशीर्षास वारंवार जागा बदलावी लागते व संगणक मंदावतो. हे तुकडे सलग मांडणे म्हणजे डीफ्रॅगमेंटेशन होय. विंडोज एक्सपीमधील साधनास पूर्ण कार्यासाठी १५ टक्के मोकळी जागा लागत असे. २००७ मधील विंडोज व्हिस्टापासून हे काम ठरलेल्या वेळी आपोआप होते. म्हणून स्वतंत्र साधन विकत घेण्यापूर्वी अंगभूत साधनच वापरून पाहावे. सॉलिड स्टेट ड्राइव्हमध्ये फिरते भाग नसतात. तेथे लाभ नगण्य असून अनावश्यक लेखनाने तिचे आयुष्य घटते. तात्पर्य, निवडीपूर्वी ड्राइव्हचा प्रकार ओळखावा. बीड जिल्ह्यातील एखाद्या महाविद्यालयात वीज खंडित होण्याची शक्यता असल्यास शोधप्रबंध व गुणनोंदींची प्रत आधी अन्यत्र ठेवणे अगत्याचे ठरते.