तरुण तारकागुच्छ : निर्मिती, उत्क्रांती आणि अस्तित्व

प्रस्तावना :
ज्या कृत्तिका नक्षत्रावरून कार्तिक महिन्याला नाव मिळाले, त्यात नुसत्या डोळ्यांना सहा-सात तारेच दिसतात. वस्तुतः सुमारे ४४० प्रकाशवर्षे अंतरावरील हा हजाराहून अधिक ताऱ्यांचा गुच्छ असून त्याचे वय १० ते १३ कोटी वर्षे मानले जाते. बहुसंख्य तारकागुच्छांना मात्र एवढे आयुष्य लाभत नाही. याची कारणमीमांसा प्रस्तुत लेखात केली आहे.

निर्मिती :
तारे सहसा एकेकटे जन्मत नाहीत. हायड्रोजन रेणू व धूलिकण यांच्या अतिशीत मेघातील घन भाग स्वतःच्या गुरुत्वाकर्षणाने आकुंचन पावतात, त्यांचे विखंडन होते व ताऱ्यांचे समूह आकारास येतात. प्रारंभी धुळीने झाकलेले हे समूह प्रामुख्याने अवरक्त किरणांच्या साहाय्यानेच अभ्यासता येतात. मृग नक्षत्रातील तेजोमेघात असलेला गुच्छ या आवरणातून नुकताच बाहेर पडला आहे. तेथील बहुतेक तारे जेमतेम काही लाख ते तीस लाख वर्षे वयाचे आहेत.

उत्क्रांती :
मेघातील फार तर एकतृतीयांश वायूचेच तारे बनतात. उरलेला वायू आपल्या गुरुत्वाकर्षणाने समूहाला बांधून ठेवतो. परंतु समूहातील महाकाय ताऱ्यांची अतिनील प्रारणे व त्यांचे वेगवान वारे हा वायू काही दशलक्ष वर्षांत बाहेर लोटतात. समतोलातील समूहाचे निम्म्याहून अधिक वस्तुमान एकाएकी गेले, तर ताऱ्यांचा वेग तोच राहतो, बंधन मात्र सैल पडते आणि समूह विखुरतो. वायू सावकाश गेल्यास समूह प्रसरण पावून नव्या समतोलात स्थिरावू शकतो. चार्ल्स लाडा व एलिझाबेथ लाडा यांच्या २००३ मधील आढाव्यानुसार, धुळीत जन्मलेल्या गुच्छांपैकी फार तर ४ ते ७ टक्के गुच्छ कृत्तिकेच्या वयापर्यंत टिकतात.

अस्तित्व :
टिकलेल्या गुच्छांचीही झीज चालूच राहते. परस्परांच्या आकर्षणामुळे जड तारे केंद्राकडे सरकतात, हलके तारे वेग मिळवून कडेला जातात आणि आकाशगंगेच्या ओढीने ते निसटतात. वृषभ राशीतील हायडीज या सुमारे ६५ कोटी वर्षे वयाच्या गुच्छातून निसटलेल्या ताऱ्यांचे दोन लांब प्रवाह २०१९ मध्ये गाया उपग्रहाच्या मापनांतून स्पष्ट झाले.

निष्कर्ष :
तारकागुच्छाचे भवितव्य मुख्यतः किती वायूचे तारे बनले व उरलेला किती वेगाने गेला, यांवर ठरते. सूर्यही अशाच एखाद्या समूहात जन्मला असावा, असे उल्कापाषाणांतील अल्पायुषी किरणोत्सारी मूलद्रव्यांच्या खुणांवरून मानले जाते. त्याची भावंडे आज आकाशगंगेत विखुरलेली आहेत. म्हणूनच तारकागुच्छांच्या विघटनाचा अभ्यास हा सूर्यमालेच्या पूर्वेतिहासाचाही अभ्यास ठरतो.