कोपऱ्यात पृथ्वी, समोरच्या कोपऱ्यात चंद्र

सिल्वासाजवळच्या सामरवरणीतल्या दहा बाय बाराच्या खोलीत पृथ्वी आणि चंद्र मापात बसवायचे, तर खाट बाहेर काढावी लागते. ‘ट्रॅव्हलर’ हा अवकाशप्रवासाचा रोल प्लेइंग गेम १९७७ मध्ये अमेरिकेतल्या ‘गेम डिझायनर्स वर्कशॉप’नं काढला, कर्ता मार्क मिलर. त्यातली यानांची लढाई फरशीवर खेळायची. १९८१ च्या सुधारित आवृत्तीत १०० मिलिमीटर म्हणजे १०,००० किलोमीटर, आणि एक डाव १,००० सेकंदांचा. या मापानं पृथ्वीचा व्यास पावणेतेरा सेंटिमीटर, चंद्राचा साडेतीन, आणि दोघांमधलं अंतर ३ मीटर ८४ सेंटिमीटर. भिंतीला धरून मांडलं तर चंद्र शेजाऱ्यांकडे जातो. कोपऱ्यातून कोपऱ्यात मांडलं की बसतो.

हे माप उगाच निवडलेलं नाही. पृथ्वीवर पडणाऱ्या वस्तूचा वेग जसा वाढतो, तसाच यानानं १,००० सेकंद वाढवत नेला, तर तो सेकंदाला साधारण १० किलोमीटर होतो. पुढच्या १,००० सेकंदांत त्या वेगानं १०,००० किलोमीटर कापले जातात. म्हणजे फरशीवर बरोबर १०० मिलिमीटर. दोरा आणि पट्टी असली की पुरे.

मुळात हा खेळ तोंडी चालतो. गेममास्टर प्रसंग सांगतो, बाकीचे आपापल्या पात्राच्या वतीनं काय करणार ते बोलतात, अडलं तिथं फासे टाकतात. तलवारबाजी असेल तर नुसत्या बोलण्यावर भागतं, कारण दार कुठे आणि जिना कुठे एवढंच लक्षात ठेवायचं असतं. यानांच्या लढाईत मात्र पाच जण पाच वेगळ्या जागा डोळ्यांसमोर आणतात आणि भांडण लागतं. त्यात सिनेमांनी सगळ्यांची सवय बिघडवलेली. पडद्यावरचं यान विमानासारखं कलतं, वळतं, थांबतं. खरं यान इंजिन बंद केल्यावरही त्याच वेगानं, त्याच दिशेनं जात राहतं. बुद्धिबळातला घोडा ठेवला तिथं उभा राहतो. इथं तीन घरं आलेलं यान पुढच्या डावातही तीन घरं जाणारच. थांबवायचं तर उलट्या बाजूनं तेवढाच जोर लावायला हवा.

म्हणून रंगवलेलं सुबक मॉडेल मला दुय्यम वाटतं. ते यान कसं दिसतं ते सांगतं, कुठे चाललंय ते सांगत नाही. ‘ट्रॅव्हलर’च्याही आधी, १९७३ मध्ये, याच कंपनीनं ‘ट्रायप्लॅनेटरी’ काढला होता. त्यात षटकोनी घरांच्या नकाशावर पेन्सिलीनं यानाच्या वाटेच्या रेघा ओढायच्या आणि नंतर पुसायच्या. १९७८ च्या ‘मेडे’मध्ये त्याहून सोपी युक्ती आली: प्रत्येक यानाला तीन सोंगट्या. एक मागच्या जागेवर, एक आत्ताच्या, एक पुढच्या. मागचीपासून आत्ताची जेवढी आणि ज्या बाजूला, तेवढीच पुढची त्याच बाजूला ठेवायची. इंजिन चालवलं तर फक्त पुढची सोंगटी सरकवायची. मग तिन्ही एकेक जागा पुढे. गणित कोणाला करावं लागत नाही, ते पटावर आपोआप होतं. या सगळ्या धंद्यात याहून हुशार वस्तू मी पाहिलेली नाही, आणि ती होती नुसत्या पुठ्ठ्याची.

आपल्याकडे पुठ्ठा चालत नाही, कारण पंखा. मे महिन्यात सिल्वासात पंखा बंद ठेवून कोण खेळणार? पुढच्या जागेची सोंगटी उडाली की लढाईच बदलते. दोन मिलिमीटरचं अ‍ॅक्रिलिक चांगलं. नेमप्लेट करणारे लेझरवर कापून देतात. वरचा कागद कापताना काढू द्यायचा नाही, नाहीतर कडांशी धुराचे डाग पडतात. मागची सोंगटी काळी, आत्ताची रंगीत, पुढची पारदर्शक. ती पारदर्शक ठेवली की खालचं घर दिसतं, आणि ही जागा अजून पक्की नाही हेही न सांगता कळतं. पट फ्लेक्सवर छापून घेता येतो, पण त्यावर मार्करनं लिहिलं की डाग राहतो. वर जेवणाच्या टेबलावर घालतात ते जाड पारदर्शक प्लास्टिक अंथरायचं आणि प्रयोगशाळेतली काचेवर लिहायची मेणाची पेन्सिल वापरायची. कोरड्या फडक्यानं पुसलं जातं. वेगाचा आकडा फाशावर ठेवून तो फासा यानाशेजारी मांडायची पद्धत मात्र सोडून द्यावी; कोणाचा तरी हात लागतोच.

उंचीचं काय, हा प्रश्न दर वेळी निघतो. अवकाशाला वर-खाली नाही आणि पट सपाट. २००४ च्या ‘अटॅक व्हेक्टर: टॅक्टिकल’नं यासाठी यानाखाली रचायच्या चकत्या आणि यान तिरकं उभं करायचे ठोकळे दिले. काम चोख आहे, पण शिकायला जड. त्यापेक्षा या भागातल्या वारली चित्रांकडे पाहावं. तारपा नाचाचं वेटोळं वरून पाहिल्यासारखं काढतात, नाचणारी माणसं मात्र बाजूनं, आणि पाहणाऱ्याला त्यात काही खटकत नाही. जागा वरून, यान बाजूनं, आणि यानाखाली उंचीचा आकडा. माझ्या मते एवढ्यानं भागतं.

खरी अडचण वेगळीच. रोल प्लेइंग गेममध्ये सगळे एकाच यानात असतात, आणि पटावर सोंगटी हलवतो एकटा पायलट. बाकीचे चार चहा पितात. २०१७ च्या ‘स्टारफाइंडर’नं कॅप्टन, इंजिनिअर, गनर, पायलट आणि सायन्स ऑफिसर अशी कामं वाटून दिली, आणि ढालीचे चार भाग केले: पुढचा, मागचा, डावा, उजवा. हे कागदावर भरत बसलात तर खाडाखोड होते. ए-थ्री आकारात यानाचा आराखडा छापावा, चारही बाजूंना भोकं पाडलेल्या पट्ट्या आणि त्यांत खुंट्या. मार बसला की खुंटी इंजिनिअरनं स्वतः काढायची, गेममास्टरनं नाही. उरलेली ढाल कुठे वळवायची यावरून तो पायलटशी वाद घालू लागतो आणि गनर मध्ये पडतो.

दोनच यानं असतील, एक पळणारं आणि एक पाठलाग करणारं, तर यातलं काहीच नको. रेघांची वही उघडावी, दर रेघेला एक टप्पा धरावा आणि दोन बटणं ठेवावीत.