धानाच्या बांधींत सदनिका : शेतकऱ्यानें हरकत केव्हां व कोठें घ्यावी?

साकोलीहून वडशाकडे जाणाऱ्या हमरस्त्यावर लाखांदूर हें तालुक्याचें ठिकाण आहे. सभोंवार चुलबंदीचें खोरें, पुढें वैनगंगा, आणि जिकडे पाहावें तिकडे धानाच्या बांध्या. तहशील कचेरी, शाळा, दवाखाने व पेढ्या यांमुळें बाहेरगांवचे नोकरदार येथें राहावयास येतात. ग्रामपंचायत जाऊन नगरपंचायत आल्यापासून गांवास शहराचे नियमही लागूं झाले आहेत. अशा गांवीं रस्त्यालगतच्या जमिनीचा भाव ती एकरीं किती खंडी धान देते यावर ठरत नाहीं. ती रस्त्यापासून किती हातांवर आहे यावर ठरतो. म्हणून बांधी मुरमानें भरून तीवर तीन-चार मजली सदनिकांची इमारत उठविण्याचा बेत आज ना उद्यां अशा प्रत्येक गांवीं निघणारच. असा बेत निघाला असतां शेजारच्या शेतकऱ्यास त्यासंबंधीं बोलण्याचा हक्क आहे काय, असल्यास तो केव्हां व कोणापुढें बजावावा, याचा विचार आमच्या वाचकांनीं आधींच करून ठेवावा, या हेतूनें हा लेख लिहिला आहे.

बोलण्याची वेळ कोणती?

इंग्लंडांत सन १९०९ मध्यें नगररचनेचा पहिला कायदा झाला. त्याच्या धर्तीवर मुंबई इलाख्यानें सन १९१५ मध्यें आपला कायदा केला. हिंदुस्थानांतील असा तो पहिलाच. पुढें सन १९५४ मध्यें दुसरा कायदा झाला, व आज चालू आहे तो महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम सन १९६६ चा. मूळ एक असलें तरी दोन देशांच्या वाटा पुढें निराळ्या झाल्या. इंग्लंडांत एखाद्यानें इमारतीची परवानगी मागितली कीं तिची सूचना शेजाऱ्यांस दिली जाते, व त्यांस आपलें म्हणणें मांडण्यास सामान्यतः २१ दिवसांची मुदत मिळते. तेथें प्रत्येक इमारतीचा निराळा विचार लोकांसमोर होतो.

आपल्याकडे तसें नाहीं. आपल्या कायद्यानें लोकांस बोलावयाचें तें इमारतीविषयीं नव्हे, योजनेविषयीं. नगरपंचायत विकास योजनेचें प्रारूप तयार करून कलम २६ प्रमाणें तें प्रसिद्ध करते. त्यावर ३० दिवसांच्या मुदतींत कोणाही माणसास हरकत वा सूचना लेखी देतां येते, आणि कलम २८ प्रमाणें नियोजन समिती ती ऐकून घेते. मंजूर योजनेंत पुढें लहान फेरफार करावयाचा झाल्यास कलम ३७ प्रमाणें पुन्हां एक महिन्याची मुदत देऊन हरकती मागवाव्या लागतात. शेतीच्या विभागांतील एखादा गट निवासी विभागांत घालणें हा बहुधा याच मार्गानें होणारा फेरफार होय. प्रादेशिक योजनेंतील फेरफारासही कलम २० खालीं अशीच जाहीर सूचना लागते.

एकदां गट निवासी विभागांत गेला म्हणजे चित्र पालटतें. त्यानंतर मालक कलम ४४ प्रमाणें अर्ज करतो, आणि अर्ज नियमांस धरून असल्यास कलम ४५ प्रमाणें त्यास परवानगी मिळते. या टप्प्यावर शेजाऱ्यास विचारण्याचें बंधन कायद्यांत नाहीं. परवानगी नाकारल्यास कलम ४७ चें अपील आहे, पण तें अर्जदारासाठीं. शेजाऱ्यास तें दार बंद आहे, व त्यास उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठापर्यंत जाण्यावांचून गत्यंतर राहत नाहीं. महाराष्ट्र जमीन महसूल संहितेंत सन २०१४ नंतर घातलेल्या ४२-अ व पुढील कलमांमुळें योजनेंत निवासी ठरलेल्या जमिनीस पूर्वींसारखी निराळी अकृषिक परवानगीही घ्यावी लागत नाहीं. पर्यावरणाच्या जनसुनावणीची आशा धरावी तर सन २००६ च्या केंद्रीय अधिसूचनेप्रमाणें २०,००० चौरस मीटरांहून लहान बांधकामास ती मंजुरीच लागत नाहीं, आणि त्याहून मोठ्या इमारतींनाही जनसुनावणीतून वगळलें आहे.

सारांश, मुरमाची पहिली गाडी बांधींत रिकामी झालेली पाहून जो शेतकरी नगरपंचायतीकडे धांवतो, तो बहुधा उशिरां पोहोंचलेला असतो. त्याची वेळ नकाशा भिंतीवर लागला तेव्हांच येऊन गेलेली असते.

वसईच्या वाडीवाल्यांनीं काय केलें?

या बाबतींत ठाणें-पालघरकडील वसईचें उदाहरण लक्षांत घेण्याजोगें आहे. केळी, पानवेली, फुलें व भाजीपाला यांच्या वाड्यांनीं भरलेला हा प्रदेश मुंबईच्या आगगाडीवर असल्यामुळें इमारतींच्या वाटेंत सांपडला. सन १९९० मध्यें वसई-विरार उपप्रदेशासाठीं सिडकोस विशेष नियोजन प्राधिकरण नेमण्यांत आलें. आपला हरितपट्टा उघडा पडत आहे हें ओळखून तेथील लोकांनीं फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांच्या पुढाकारानें हरित वसई संरक्षण समितीच्या द्वारें चळवळ केली. पुढें सन २०१६ मध्यें मुंबई महानगर प्रदेशाची २०१६ ते २०३६ या वर्षांची प्रारूप योजना प्रसिद्ध झाली, तेव्हांही वसईकरांनीं हजारोंच्या संख्येनें लेखी हरकती दाखल केल्या. या लोकांनीं इमारतीची वाट पाहिली नाहीं. नकाशावरील रंगाशीं ते भांडले. म्हणून पश्चिमेकडील वाड्या पुष्कळ अंशीं अजून उभ्या आहेत.

नालासोपाऱ्याकडे बांधकाम दाट झालें. तेथें जुलै २०१८ मधील पावसांत रुळांवर पाणी चढून आगगाड्या थांबल्या व मिठागरांतील वस्ती पाण्यानें वेढली गेली. सखल जमीन भरून घेतली तरी तिच्यावर येणारें पाणी येणें सोडीत नाहीं. तें दुसऱ्याच्या दारांत जातें.

आपल्याकडे पाहावयाचें तें पाणी

झाडीपट्टींतील बांधी ही नुसती जमीन नव्हे, ती पाण्याची पायरी आहे. वरच्या बांधीचें जादा पाणी धुऱ्यांतील वाटेनें खालच्या बांधींत, तेथून पुढच्या बांधींत व शेवटीं नाल्यांत वा बोडींत उतरतें. मधली एकच बांधी तीन-चार फूट भरून घेतली तर वरच्याचे पऱ्हे सडतात आणि खालच्यास रोवणीला पाणी मिळत नाहीं. एकाच्या बांधकामानें दोन शेजाऱ्यांचें उलटसुलट नुकसान होतें, हें मोजणीच्या नकाशावर दिसत नाहीं. म्हणून तें सांगण्याचें काम शेतकऱ्याचेंच आहे.

दुसरी गोष्ट तलावांची. कोहळी समाजानें बांधलेले भंडाऱ्याकडील तलाव प्रसिद्ध आहेत. मालगुजारी सन १९५० च्या कायद्यानें संपुष्टांत आली, पण तलावांस ‘मामा तलाव’ म्हणजे माजी मालगुजारी तलाव हें नांव अजून चालू आहे. तलावाची पाळ शाबूत असून भागत नाहीं. त्याच्या येव्याच्या जमिनीवर बांधकाम झालें तर तलाव भरत नाहीं, आणि सांडव्यापुढील वाट अडली तर पाळ फुटण्याची भीति असते. सर्वोच्च न्यायालयानें ता. २८ जानेवारी २०११ च्या जगपालसिंग खटल्याच्या निकालांत गांवच्या तळ्यांवरील व सामाईक जमिनींवरील अतिक्रमणें काढण्याविषयीं सर्व राज्यांस आदेश दिले आहेत. हरकतींत या निकालाचा उल्लेख अवश्य करावा.

तिसरी गोष्ट पूररेषेची. ऑगस्ट २०२० च्या अखेरीस वैनगंगेस आलेल्या महापुरानें भंडारा शहरासह नदीकांठच्या गांवांची काय दशा झाली तें कोणी विसरलें नसेल. पंचवीस वर्षांतून एकदां येणाऱ्या पुराची ती निळी रेषा, व शंभर वर्षांतून एकदां येणाऱ्या पुराची ती लाल रेषा. निळ्या रेषेच्या आंत घरें बांधूं देत नाहींत. दोन रेषांमध्यें जोतें लाल रेषेहून उंच ठेवण्याच्या अटीवर देतात. चुलबंदीकडील बाजूचा गट असल्यास तो या रेषांच्या कोणत्या अंगास पडतो हा पहिला प्रश्न विचारावा.

चौथी गोष्ट सांडपाण्याची. सोळा सदनिकांच्या इमारतींत घरटीं पांच माणसें धरलीं तर ऐंशी माणसें होतात. माणशीं दररोज १३५ लिटर या प्रचलित प्रमाणानें त्यांस १०,८०० लिटर पाणी लागेल, व त्यांतील सुमारें चार-पंचमांश, म्हणजे साडेआठ हजारांहून अधिक लिटर, रोज घाण होऊन बाहेर पडेल. गांवांत भुयारी गटार नसेल तर हें सर्व शोषखड्ड्यावर येतें. धानाच्या चिकण जमिनींत पावसाळ्यांत पाणी वरपर्यंत तुंबलेलें असतां शोषखड्डा शोषणार काय? तें पाणी शेवटीं शेजारच्या विहिरींत वा बांधींत जाणार.

विरोध इमारतीस कीं जागेस?

एवढें वाचून कोणी असें समजूं नये कीं, आम्ही सदनिकांच्या विरुद्ध आहों. सोळा कुटुंबांस दीड-दीड हजार चौरस फुटांचे निरनिराळे भूखंड दिले तर २४,००० चौरस फूट भूखंडांतच जातात. रस्ते व सोडावयाची मोकळी जागा मिळवितां जवळ जवळ एक एकर धानाची जमीन खर्ची पडते. तींच सोळा कुटुंबें चार मजल्यांच्या इमारतींत त्याच्या तिसऱ्या हिश्श्याहून कमी जागेंत राहूं शकतात. तेव्हां शेती वांचवावयाची असेल तर पसरट भूखंडांपेक्षां उभी इमारत बरी, हें शेतकऱ्यानें मोकळ्या मनानें मान्य केलें पाहिजे. विरोध असावा तो जागेच्या निवडीस. बरड, उंचवट्याची, गांवठाणास लागून असलेली जमीन असतां ओलिताची बांधी कां घ्यावी, असा आपला प्रश्न असावा.

जमीन विकणाराही आपलाच भाऊ असतो. मुलीचें लग्न, मुलाचें शिक्षण, कर्ज, अशा अडचणींत त्यास रस्त्याकडील भाव नाकारा असें सांगण्याचा अधिकार कोणास आहे? त्यास एवढेंच सांगावें कीं, जमिनीच्या बदल्यांत सदनिका घेण्याचा करार करणार असाल तर तुम्हीही त्या व्यवहारांत सहप्रवर्तक ठरतां. सन २०१६ च्या स्थावर संपदा कायद्याप्रमाणें ५०० चौरस मीटरांहून अधिक जमिनीवरील व आठांहून अधिक सदनिकांच्या प्रकल्पाची नोंदणी सक्तीची आहे. ग्राहकांकडून आलेल्या पैशांपैकीं शेंकडा ७० निराळ्या खात्यांत ठेवावे लागतात, आणि नोंदलेल्या करारावांचून शेंकडा १० हून अधिक रक्कम घेतां येत नाहीं. नोंदणीचा क्रमांक पाहिल्यावांचून मुखत्यारपत्रावर सही करूं नये.

इमारत लहान गांवची म्हणून तिच्या मजबुतीकडे दुर्लक्ष करणेंही परवडणारें नाहीं. रायगड जिल्ह्यांतील महाड येथें ता. २४ ऑगस्ट २०२० रोजीं तारिक गार्डन ही पांच मजली इमारत कोसळून सोळा माणसें मेलीं. ती इमारत दहा वर्षांचीही जुनी नव्हती. महाड हें कांहीं मुंबई-पुण्यासारखें महानगर नव्हे. तेथेंही परवानगी देणारी नगरपरिषदच होती.

हरकत कशी लिहावी?

आतां कृतीकडे वळूं. जाहीर सूचना राजपत्रांत व वर्तमानपत्रांत येते, नकाशा नगरपंचायतीच्या कचेरींत लागतो. तो पाहण्यास गांवांतील दोघां-तिघां जाणत्यांनीं एकत्र जावें व आपल्या गटाचा, शेजारच्या गटांचा, नाल्याचा व बोडीचा रंग तपासावा. पुष्कळदां नाला नकाशावर उतरलेलाच नसतो. तो नसल्याची हरकत पहिली.

अर्जांत गट क्रमांक, क्षेत्र, पाण्याची वाट कोठून कोठें जाते, कोणत्या महिन्यांत किती दिवस वाहते व ती अडल्यास कोणाकोणाचें किती शेत बुडेल हें लिहावें. हातानें काढलेला साधा नकाशा जोडावा, सात-बाराचा उतारा जोडावा. ‘गांवाचें नुकसान होईल’ असें मोघम लिहूं नये. एकाच कागदावर शंभर सह्यांपेक्षां ज्याच्या-त्याच्या शेतापुरते दहा निराळे अर्ज अधिक उपयोगी पडतात, कारण प्रत्येक अर्जावर सुनावणी मागतां येते. अर्जाची पोच घ्यावी, व सुनावणीच्या दिवशीं नांगर सोडून हजर राहावें. गैरहजर हरकतदाराचें म्हणणें कागदावर राहतें, ऐकणाऱ्याच्या मनावर राहत नाहीं.

वेळ टळून गेली असल्यासही सर्वच दारें बंद होत नाहींत. माहितीच्या अधिकाराच्या सन २००५ च्या कायद्यानें परवानगीची व मंजूर नकाशाची नक्कल मागावी. उत्तराची मुदत ३० दिवसांची आहे. मंजूर नकाशाबाहेर काम चाललें असल्यास कलम ५३ प्रमाणें तें पाडण्याची नोटीस काढण्याची मागणी लेखी करावी. आणि भर घालून शेताच्या पाण्याची नैसर्गिक वाट कायदेशीर अधिकारावांचून अडविली असल्यास मामलेदार न्यायालय अधिनियम, १९०६ च्या कलम ५ प्रमाणें तहशीलदाराकडे दाद मागावी. मात्र ही दाद अडथळा झाल्यापासून सहा महिन्यांच्या आंत मागावी लागते. रोवणीच्या वेळीं पाणी अडलें तर मळणी होईपर्यंत स्वस्थ बसण्याची सोय नाहीं.

शेवटीं आमच्या सभासदांस एक विनंति. प्रत्येक गांवच्या मंडळानें या उन्हाळ्यांत आपल्या शिवाराच्या गटनकाशाची एक प्रत मिळवावी, आणि जाणत्या म्हाताऱ्यांस सोबत घेऊन तीवर प्रत्येक नाला, पाट, बोडी, तलावाचा येवा व सांडव्याची वाट निळ्या शाईनें काढून ती मंडळाच्या घरांत टांगून ठेवावी. हें काम चार दिवसांचें व चार आण्यांच्या शाईचें आहे. प्रारूप योजना कोणत्या वर्षीं निघेल हें आपल्या हातीं नाहीं. पण ती निघाल्यावर मिळणाऱ्या तीस दिवसांतील पंधरा दिवस नाला शोधण्यांत जाऊं न देणें हें पूर्णपणें आपल्या हातीं आहे.