जुनी वेगवान मोटार : पोलो जीटी की अबार्थ पुंटो?

व्यापारी बंधूंनो, या पानावर आपण सुताचे भाव, जीएसटी आणि उधारीच्या वसुलीवर वाचता. मोटारींची चर्चा इथे सहसा येत नाही. पण आपल्या धंद्यात आता पुढची पिढी बसली आहे. तिला गाडी हवी आहे आणि ती वेगवान हवी आहे. नवी वेगवान गाडी परवडत नाही, म्हणून मुले आठ-दहा वर्षांची जुनी गाडी शोधतात. पैसा मात्र पेढीच्या गल्ल्यातून जातो, तेव्हा हा प्रश्न शौकाचा राहत नाही, तो भांडवलाचा होतो.

आमचा भाचा खारदांड्याला राहतो आणि रेडीमेड कपड्यांचे काम करतो. आठवड्यातून तीन-चार दिवस त्याला नमुने घेऊन भिवंडी, उल्हासनगर गाठावे लागते. त्याची निवड दोन गाड्यांवर येऊन थांबली होती, एक फोक्सवॅगनची पोलो जीटी टीएसआय आणि दुसरी फियाटची अबार्थ पुंटो. कर्ज काढायचे नाही, व्याज भरायचे नाही, रोकड भांडवलातून घ्यायची, हे घरात आधीच ठरले होते. याचा अर्थ असा की गाडीत घातलेला प्रत्येक लाख रमजान ईदच्या खरेदीतून कमी होणार. म्हणून आम्ही तीन आठवडे या दोन गाड्यांचा हिशोब मांडला. तो वाचकांच्या उपयोगी पडेल, असे वाटते.

दोन्हींचे घराणे

नावे परदेशी असली तरी दोन्ही गाड्या आपल्या पुणे जिल्ह्यात जन्मल्या. पोलो चाकणला आणि पुंटो रांजणगावला. फियाट तर मुंबईकरांची जुनी ओळखीची. आपली काळी-पिवळी टॅक्सी, म्हणजे प्रीमियर पद्मिनी, मूळची फियाटच होती आणि ती कुर्ल्याच्या कारखान्यात बनत असे. २०२३ च्या ऑक्टोबरअखेर ती टॅक्सी म्हणून मुंबईच्या रस्त्यावरून कायमची उतरली. अबार्थ हे नाव कार्लो अबार्थ यांचे. त्यांनी १९४९ मध्ये इटलीत शर्यतीच्या गाड्यांचे काम सुरू केले आणि १९७१ मध्ये ते फियाटने विकत घेतले. गाडीवर जो विंचू दिसतो, तो त्यांच्या राशीचा.

पोलो जीटी टीएसआय भारतात एप्रिल २०१३ मध्ये सुमारे ८ लाखांना आली. अबार्थ पुंटो ऑक्टोबर २०१५ मध्ये दिल्लीच्या शोरूम भावाने ९ लाख ९५ हजारांना आली. दोन्ही चार मीटरच्या आतल्या, पाच दरवाजांच्या, पेट्रोलवर चालणाऱ्या आणि टर्बो लावलेल्या.

भावातल्या फरकामागे कराचाही हात होता. २००६ च्या अर्थसंकल्पापासून चार मीटरच्या आतील आणि १२०० सीसीपर्यंतच्या पेट्रोल गाडीला अबकारी करात सवलत मिळू लागली. पोलोचे इंजिन ११९७ सीसीचे, म्हणजे सवलतीच्या आत. पुंटोचे १३६८ सीसीचे, म्हणजे बाहेर. कराची रेषा ओलांडली की भावाचे काय होते, हे आपल्याला सांगायला नको.

जोर कुणाचा, गिअर कुणाचा

कागदावर अबार्थ सरळ जिंकते. तिची ताकद १४५ अश्वशक्ती, पोलोची १०५. ओढण्याचा जोर, ज्याला टॉर्क म्हणतात, अबार्थचा २१२ न्यूटन मीटर आणि पोलोचा १७५. थांबलेल्या अवस्थेतून १०० च्या वेगाला पोहोचायला कंपनीच्या दाव्यानुसार अबार्थला ८.८ सेकंद लागतात आणि पोलोला ९.७. अबार्थच्या चारही चाकांना डिस्क ब्रेक आहेत, पोलोच्या मागच्या चाकांना ड्रम.

पण भाच्याला आम्ही एकच विचारले, "खारदांड्याहून भिवंडीपर्यंत ही सेकंदे तू कुठे वापरणार?" तो हसला आणि म्हणाला, "मामू, घोडबंदरला रात्री रस्ता मोकळा असतो." आम्ही म्हटले, रात्रीच्या एका तासासाठी दिवसाचे दहा तास विकत घेऊ नयेत.

खरा फरक गिअरचा आहे. अबार्थला पाच गिअर, हाताने बदलायचे आणि क्लच पायाने दाबायचा. ही यंत्रणा जुनी आणि साधी. क्लच प्लेट झिजली की कुशल मिस्त्री ती बदलतो. पोलो जीटी टीएसआयला सात गिअरची डीएसजी पेटी आहे. तिच्यात दोन क्लच असतात. एक क्लच चालू गिअर धरून ठेवतो, दुसरा पुढचा गिअर तयार ठेवतो, त्यामुळे गिअर क्षणात बदलतो. चालवायला ती सुखाची. पण हे क्लच कोरडे आहेत, तेलात बुडालेले नाहीत. रांगेत गाडी इंच इंच सरकवली की ते तापतात. याच जातीच्या गिअरपेटीच्या तक्रारींमुळे २०१३ मध्ये चीनमध्ये फोक्सवॅगनला सुमारे ३ लाख ८४ हजार गाड्या परत बोलवाव्या लागल्या होत्या. प्रत्येक पोलोची पेटी बिघडते, असा याचा अर्थ नाही. मात्र बिघडली तर खर्च मोठा असतो आणि गल्लीतला मिस्त्री तिला हात लावत नाही, हे धरून चालावे.

डीएसजीची पारख अशी करावी. गाडी थंड असताना सुरू करून पाहावी आणि अर्धा तास रहदारीत चालवून पुन्हा पाहावी. पहिल्यातून दुसऱ्या गिअरला जाताना धक्का बसतो का, चढावर सोडली की थरथरते का, रिव्हर्सला उशीर लागतो का, हे तपासावे. २०२० पासून पोलोच्या जीटीमध्ये वेगळे १ लिटरचे इंजिन आणि सहा गिअरची दुसऱ्या पद्धतीची ऑटोमॅटिक पेटी आली. नाव एकच असले तरी माल वेगळा आहे, हे ध्यानात ठेवावे.

सुटे भाग : इथे तराजू झुकतो

फियाटने २०१९ मध्ये भारतात गाड्या विकणे बंद केले. एप्रिल २०२० पासून बीएस-६ चा नियम आला आणि या इंजिनाला त्यात बसवले गेले नाही. विक्रीनंतरची सेवा त्याच घराण्यातल्या जीपच्या केंद्रांकडे गेली. साध्या पुंटोचे आणि लिनिया टी-जेटचे बरेच भाग अबार्थला चालतात, ही दिलाशाची गोष्ट. पण अबार्थचे जे स्वतःचे आहे, ते मिळवायला थांबावे लागते. थान संपले आणि गिरणीही बंद झाली, तर त्याच रंगाचा कटपीस बाजारात किती दिवस मिळणार?

पोलोही २०२२ मध्ये बंद झाली. तरी फोक्सवॅगन कंपनी भारतात आहे. पोलोचे भाग व्हेंटोशी आणि स्कोडा रॅपिडशी जुळतात, आणि या गाड्या रस्त्यावर भरपूर आहेत. कुर्ल्याच्या जुन्या मालाच्या बाजारातही त्यांचे भाग शोधणे तुलनेने सोपे जाते.

खारी हवा आणि पावसाचे पाणी

खारदांड्याची गोष्ट वेगळी आहे. कोळीवाड्याच्या गल्ल्यांत मोटार जात नाही, ती बाहेर रस्त्यावर उघड्यावर उभी राहते. समुद्र शेजारी. ज्या हवेत बोंबील वाळतात, त्याच हवेत पत्राही गंजतो. गाडी वरून चकचकीत असली तरी खालचा पत्रा, सायलेन्सरचे जोड, ब्रेकचे पाइप आणि विजेच्या तारांची टोके पाहिल्याशिवाय सौदा करू नये. गॅरेजच्या लिफ्टवर चढवून बॅटरीने पाहावे. कापडाची पारख उजेडात होते, गाडीची पारख अंधारात, पोटाखाली होते.

दुसरी गोष्ट पाण्याची. २६ जुलै २००५ चा ९४४ मिलिमीटर पाऊस आपण कुणी विसरलेलो नाही. त्यानंतर २९ ऑगस्ट २०१७ ला मुंबई पुन्हा बुडाली, आणि आज बाजारात असलेल्या २०१५-१६ च्या गाड्या त्या दिवशी रस्त्यावर होत्या. गालिचा उचलून वास घ्यावा, सीटचा पट्टा शेवटपर्यंत खेचून त्यावर चिखलाची रेघ आहे का पाहावे, सीटखालचे बोल्ट गंजलेत का पाहावे. अबार्थ जमिनीपासून १५५ मिलिमीटरच उंच आहे. खड्ड्यांत, गतिरोधकांवर आणि पाण्यात ती लवकर घासते.

तीन गाड्या पाहिल्या

पहिली पोलो एका विक्रेत्याकडे पाहिली. नाव इथे घेत नाही. मीटरवर ३८ हजार किलोमीटर. भाच्याने गाडीच्या नंबरावरून अधिकृत केंद्रातला जुना सर्व्हिस रेकॉर्ड काढून घेतला, तर दोन वर्षांपूर्वीच ७१ हजारांची नोंद. मीटर मागे फिरवले होते. आम्ही चहा न घेता उठलो. मापात मारलेला माल स्वस्त मिळाला तरी महागच पडतो.

दुसरी होती अबार्थ, खारदांड्याच्याच एका कोळी गृहस्थांची. त्यांनी स्वतःहून सांगितले, "शेठ, खाली थोडा गंज आहे. पुढच्या सस्पेन्शनचा एक भाग मागवलाय, दीड महिना झाला, अजून आला नाही." बिलांची फाईल पुढे ठेवली, टायमिंग बेल्ट बदलल्याची पावतीही दाखवली. मालाचा ऐब आधी सांगणारा विक्रेता आजच्या बाजारात दुर्मीळ. भाच्याचा जीव त्या गाडीत अडकला होता, आणि माणूस पाहिला तर आमचाही. तरी आम्ही नको म्हटले. गाडीत खोट होती म्हणून नव्हे, आमची गरज वेगळी होती म्हणून. एका भागासाठी दीड महिना उभी राहणारी गाडी हंगामात भाच्याचे गिऱ्हाईक राखू शकत नाही. ती गाडी पुढे अशा माणसाने घेतली ज्याच्याकडे रोजच्या कामाला दुसरी गाडी आहे. ती योग्य हातात गेली.

तिसरी पोलो मुलुंडला मिळाली. एकच मालक, सगळा रेकॉर्ड जुळणारा, गिअरपेटीच्या कामाची नोंद आणि बिल हातात. ती घेतली. भाव घासाघीस करून जितका उतरवला, ती रक्कम खर्च न करता गिअरपेटीच्या नावाने बाजूला ठेवली. आता ती रक्कम ईदच्या मालात जाणार नाही आणि दुसऱ्या कशातही जाणार नाही, हे भाच्याने लिहून दिले आहे.

कागद आणि कर

खारदांडा अंधेरी आरटीओच्या, म्हणजे एमएच ०२ च्या हद्दीत येतो. मालकी बदलायला फॉर्म २९ आणि ३० लागतात. परराज्यातली गाडी असेल तर फॉर्म २८ चा ना हरकत दाखला, आणि कर्ज फिटले असेल तर बोजा उतरवायला फॉर्म ३५. ई-चलने थकलेली नाहीत ना, हे आधी पाहावे. १ एप्रिल २०१९ पूर्वीच्या गाडीला हाय सिक्युरिटी नंबरप्लेट लावलेली असावी. विमा १४ दिवसांत आपल्या नावावर करण्याचा अर्ज द्यावा. विक्रेत्याचा नो क्लेम बोनस विक्रेत्याकडेच राहतो, तो आपल्याला मिळत नाही.

विकणाऱ्यांनी तर जास्तच सावध राहावे. आरटीओच्या दप्तरी ज्याचे नाव, तोच मालक, आणि अपघाताच्या भरपाईची जबाबदारी त्याच्यावर येऊ शकते, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये स्पष्ट केले आहे. किल्ली दिली म्हणजे गाडी विकली, असे समजू नये.

रोखीचेही बंधन आहे. २०१७ पासून एका व्यवहारात २ लाख किंवा त्याहून अधिक रक्कम रोख घेता येत नाही. घेणाऱ्याला तेवढाच दंड होऊ शकतो. पैसे बँकेतूनच द्यावेत.

जीएसटीचे असे आहे. खासगी माणसाने स्वतःची जुनी गाडी विकली तर कर नाही. नोंदणीकृत व्यापाऱ्याला जानेवारी २०२५ पासून जुन्या गाडीवर १८ टक्के कर लागतो, पण तो पूर्ण किमतीवर नव्हे, फक्त मिळालेल्या फरकावर. पेढीच्या नावावरच्या गाडीवर घसारा घेतला असेल तर घसारा वजा जाता उरलेल्या किमतीच्या वर जे मिळेल, त्यावरच कर. साध्या मोटारीच्या खरेदीवरचे इनपुट क्रेडिट मात्र कापड व्यापाऱ्याला मिळत नाही. सप्टेंबर २०२५ पासून नव्या लहान गाड्यांवरचा जीएसटी १८ टक्क्यांवर आला आहे. नवी स्वस्त झाली तर जुनीचा भावही उतरायला हवा. सौदा करताना हा मुद्दा जरूर मांडावा.

आमचे मत

घरात एकच गाडी असेल आणि रोजी तिच्यावर चालत असेल, तर पोलो घ्यावी. अट एवढीच की गिअरपेटीचा कागद स्वच्छ असावा आणि दुरुस्तीची रक्कम राखून ठेवावी. दुसरी गाडी घरात असेल, ओळखीचा मिस्त्री असेल, थांबायची तयारी असेल आणि गाडी चालवण्याचा खरा शौक असेल, तर अबार्थसारखी गाडी या भावात पुन्हा मिळणार नाही. दोन्ही गाड्या २० टक्के इथेनॉलच्या पेट्रोलसाठी बनलेल्या नाहीत, म्हणून इंधनाचे रबरी पाइप दरवर्षी तपासून घ्यावेत. टायरवर छापलेले चार आकडेही वाचावेत. पहिले दोन आठवड्याचे आणि शेवटचे दोन वर्षाचे असतात. नक्षी शिल्लक असली तरी जुना रबर वेगात दगा देतो.

आणि कंपनी कोणतीही असो, कागद जुळत नसेल तर उठून यावे. बाजारात गाड्या पुष्कळ आहेत, भांडवल एकच आहे.