पाइपातली बुळबुळ

मराठी विभागासाठी लेख दे म्हटल्यावर आधी मला हसूच आलं. दहावीपर्यंत कॉन्व्हेंट, त्यामुळे ऱ्हस्व-दीर्घाची बोंब. पण हा किस्सा घरी घडला तो मराठीतच, तेव्हा संपादकांनी सांभाळून घ्यावं.

नेरूळच्या आमच्या फ्लॅटमध्ये दोन फुटी फिशटँक आहे. दर रविवारी त्यातलं एक बादली पाणी पारदर्शक पाइपाने सायफन करून काढायचं आणि नळाच्या पाण्यात क्लोरीन घालवणारे थेंब टाकून ते त्याच पाइपाने भरायचं, हे काम माझं. गेल्या सेमिस्टरला सबमिशन्स आणि परीक्षेच्या गडबडीत तीन आठवडे पाणी बदललंच नाही. पाइप बाल्कनीत ओलाच गुंडाळून पडला होता. परीक्षा संपल्यावर धाकट्या भावाने तो तोंडात धरून पाणी ओढलं आणि थू थू करत बेसिनकडे पळाला. पाइपाच्या आत तपकिरी, बुळबुळीत थर! तरीही घाईत मी त्याच पाइपाने पाणी भरलं. थराचे तुकडे टाकीभर झाले. त्या आठवड्यात दोन मॉली मेल्या. पाइपामुळेच मेल्या असं मी छातीठोकपणे सांगणार नाही, कारण तीन आठवड्यांचं घाण पाणी हाही माझाच गुन्हा. पण तेव्हापासून मी या थराच्या मागे लागले.

या थराला बायोफिल्म म्हणतात. पाण्यातले बॅक्टेरिया पाइपाच्या भिंतीला चिकटतात आणि स्वतःभोवती साखरेच्या लांब साखळ्या, प्रथिनं वगैरेंचा डिंकासारखा पदार्थ सोडतात. ती त्यांची सोसायटी, कंपाउंड वॉलसकट!

आता तुम्ही म्हणाल, वाहत्या पाण्याने हे धुऊन कसं जात नाही? फ्लुइड मेकॅनिक्सचा पहिला धडा आठवा. भिंतीला टेकलेल्या पाण्याचा वेग शून्य असतो. माझ्या पाइपाचा आतला व्यास १२ मिमी, पाण्याचा वेग सेकंदाला जवळपास १ मीटर. रेनॉल्ड्स नंबर दहा हजारांच्या वर, म्हणजे प्रवाह चांगलाच टर्ब्युलंट. पण भिंतीलगतच्या पातळ पट्ट्यात पाणी तरीही संथच राहतं आणि बायोफिल्म नेमकी तिथेच बसते. समजा हा थर अर्धा मिलिमीटर झाला, तर व्यास ११ मिमी होतो आणि क्षेत्रफळ १६ टक्क्यांनी घटतं. शिवाय खडबडीत थरामुळे घर्षण वाढतं ते वेगळंच. अडीच मिनिटांत भरणारी आमची बादली साडेतीन मिनिटं का घेत होती, ते तेव्हा कळलं.

मी पहिला उपाय केला तो आळशी माणसाचा. पाइपात ब्लीच ओतलं, धुतलं, झालं. पाइप पांढरा दिसला, पण दोन आठवड्यांत बुळबुळ परत हजर. कारण क्लोरीन वरच्या थराशी रिॲक्ट होऊन तिथेच संपतं, आत पोचत नाही. ही गोष्ट सतराव्या शतकातच लक्षात आली होती. हॉलंडच्या लेव्हेनहूकने १६८०च्या दशकात स्वतःच्या दातांवरचं कीटण मायक्रोस्कोपखाली पाहिलं. व्हिनेगरने चूळ भरली तर कीटणाच्या बाहेरचे जीव मेले, आतले मात्र जिवंत राहिले. म्हणूनच आपण दात नुसते खळखळून थांबत नाही, घासतो.

तेव्हा क्रम असा: आधी घासणं, मग औषध, शेवटी वाळवणं.

घासायला मी एनसीसीत शिकलेली युक्ती वापरली. रायफलच्या नळीतून पुलथ्रूने चिंदी ओढतात, तसंच. नायलॉनच्या दोऱ्याला एम-५ चा नट बांधला (एम-६ चा अडकतो), जिन्यात पाइप सरळ लोंबता धरून नट आत सोडला. दुसऱ्या टोकाला जुन्या बनियनची घट्ट बसेल अशी चिंदी बांधून चार-पाच वेळा ओढली. जे निघालं त्याचं वर्णन जेवणाआधी वाचू नये. तारेचा ब्रश मात्र नको. त्याने ओरखडे पडतात आणि बॅक्टेरियांना बसायला आयती जागा मिळते. साबणही नको, तो राहून गेला तर माशांना त्रास.

मग घरगुती ब्लीचचा एक भाग आणि वीस भाग पाणी असं पाइपात पंधरा मिनिटं भरून ठेवायचं. नंतर भरपूर धुऊन, क्लोरीन घालवणारे थेंब टाकलेलं पाणी तेवढाच वेळ भरून ठेवायचं. ब्लीचमध्ये व्हिनेगर किंवा दुसरं कुठलंही ॲसिड कधीही मिसळू नका, विषारी क्लोरीन वायू निघतो.

शेवटी पाइप खुंटीवर असा टांगा की दोन्ही टोकं खाली राहतील आणि मध्ये पाणी साचणार नाही. नवी मुंबईच्या जुलैत काहीच वाळत नाही, तेव्हा टाकीचा एअर पंप पाइपाच्या टोकाला जोडून रात्रभर हवा सोडा.

दोन इशारे. एक, फिल्टरच्या स्पंजला ही शिक्षा देऊ नका. तिथली बायोफिल्म माशांच्या मलमूत्रातला अमोनिया आधी नायट्राइट आणि मग नायट्रेटमध्ये बदलते, तिच्यावरच टाकी जगते. स्पंज टाकीतून काढलेल्या पाण्यातच हलके पिळायचा. दोन, पाइप तोंडाने ओढू नका. तो टाकीत बुडवून भरा, टोकावर अंगठा दाबा आणि ते टोक बादलीत सोडा. हाताला जखम असेल तर ग्लोव्हज घाला, कारण मायकोबॅक्टेरियम मरिनम नावाचा टाकीतला जीव जखमेतून त्वचेत शिरू शकतो.

हीच बायोफिल्म दंतवैद्याच्या खुर्चीच्या नळ्यांत आणि कारखान्यांच्या कूलिंग टॉवरमध्येही होते. उद्या आपल्यापैकी कुणाला तरी तिथे नोकरीवर तिच्याशी झगडायचंच आहे.

हे सगळं मी आजीला मोठ्या ऐटीत समजावलं. ती माठ घासत होती. काथ्याने आतून घासला, धुतला आणि उन्हात पालथा घातला. मग म्हणाली, "नुसतं विसळून माठ कधी स्वच्छ होतो का गं?"

चार वर्षांच्या फीपेक्षा हे स्वस्त पडलं असतं!